जावयाचं बिजागर

वैजयंतानं शेवटी बाजूला फिरणारं बिजागर घेतलं. झालं, सांगून टाकलं. आता हे वाक्य कुणी वाचलेलंच नाही असं धरू या. कारण सध्या शनिवारची दुपार आहे, दीड वाजलाय, आणि मिरजेतल्या त्या कारखान्यात कुणी काहीही घेतलेलं नाही. वैजयंता भुशाच्या पोत्याला टेकून पडली आहे, पोटात दोन भाकरी आहेत आणि पापण्या अर्ध्यावर आल्या आहेत.

कारखाना म्हणजे एक खोली, एक खिडकी आणि एक लेथ. त्यावर तबल्याची खोडं होतात. शिसवीचा ओंडका चढवायचा, फिरवायचा, बाहेरून घडवायचा आणि मग एका तोंडानं आत पोकळ करायचा. बाहेरून घडवताना ओंडक्याला उजवीकडून टेकू लागतो. तो टेकू देणारा चाळीस किलोचा लोखंडी ठोकळा म्हणजे टेलस्टॉक. पोकळ करायची वेळ आली की हाच ठोकळा नेमका तोंडासमोर बसलेला असतो. मग त्याला उचलून खाली ठेवायचं. पुढच्या ओंडक्याला परत उचलून वर. जड, मानाचा, ऐन कामात वाटेत बसणारा आणि स्वतःहून कधी न उठणारा, म्हणून सिद्राममामानं त्याचं नाव जावई ठेवलं होतं.

मामाला जाऊन तीन वर्षं झाली. लेथ, जावई आणि एक नियम एवढं त्यानं भाचीसाठी मागं ठेवलं. नियम असा: ज्याला जावई उचलत नाही, त्यानं खोडाला हात लावायचा नाही.

तीन वर्षं वैजयंतानं उचलला. गेल्या महिन्यात कमरेत कट्ट झालं. डॉक्टरांनी कमरेचा फोटो उजेडासमोर धरला आणि सांगितलं, एक तर ठोकळा नाहीतर कंबर, दोघं एका घरात नांदणार नाहीत. तेव्हापासून काम बंद. पुण्याच्या एका दुकानात यावर बिजागर मिळतं. ते बसवलं की ठोकळा न उचलता वाटेतून दूर करता येतो. त्याच्या तऱ्हा दोन. एकात ठोकळा दारासारखा बाजूला फिरतो, दुसऱ्यात लेथच्या टोकावरून खाली लोंबतो. दोन्हींचा एकेक नग उरलाय आणि पाच वाजेपर्यंत कळवायचंय. खाली लोंबणारं जागा खात नाही, असं पुस्तिकेत लिहिलंय. पुस्तिकेत एक गोरा माणूस लेथपाशी हसत उभा आहे, आणि त्याची जागा कुणी खाल्लेली दिसत नाही. वैजयंताचं मन तिकडंच झुकलंय. अडचण एवढीच की कुठलंही घेतलं तरी मामाचा नियम मोडतो, आणि नाही घेतलं तर कारखाना विकायला काढावा लागतो.

डोळे मिटतात. भुशाचा वास येतो. थोड्या वेळानं भुसाच वैजयंताचा वास घेऊ लागतो.

"पाय काढ की गं. माझ्या जागंत पसरलीस."

मामा नेहमीच्या जागी आहे. लेथच्या उजव्या टोकाशी जमिनीत गुडघाभर खड्डा आहे. त्यात पाय सोडायचे, जमिनीवर बसायचं आणि खोडाचं तोंड समोर घेऊन ते पोकळ करायचं, ही या घराची पद्धत. उभं राहून इथं कुणी काम केलेलं नाही.

"मामा, तू गेलास न्हवं?"

"गेलो की. कोण न्हाई म्हणतंय? तू जेवलीस?"

"दोन भाकरी."

"कोरड्यास काय?"

"वांगं."

"मग झोप येणारच," मामा म्हणतो, जणू वांग्याचं आणि झोपेचं खातं त्याच्याकडंच आहे.

वैजयंताला वाटतं, आत्ताच सांगून टाकावं. "मामा, मला जावई उचलत न्हाई."

मामा कानावर अडकवलेली पेन्सिल काढतो, बघतो, परत अडकवतो. "चल," म्हणतो, "आधी पंगत बसू दे."

पंगत बसलेलीच आहे. मंगल कार्यालय आहे, केळीची पानं आहेत, सनई आहे, आणि सनईवाल्याच्या मागं कारखान्याची खिडकी आहे. दारात, बरोबर मधोमध, पाटावर जावई बसलाय. चाळीस किलो, लोखंडी, गुलाबी फेटा. फेटा शोभतो, हे मान्य करायला हवं. त्याच्यामागं वाढप्यांची रांग तुंबलीय. जिलबीच्या पराती डोक्यावर घेऊन सहाजण उभे आहेत आणि सातवा मठ्ठ्याची बादली घेऊन घामाघूम झालाय.

"पाव्हणं, जरा सरकता काय?" एकजण विचारतो.

पाव्हणं सरकत नाहीत.

"मामा, उचल की," वैजयंता म्हणते. "नियम तुझाच हाय."

मामा इकडंतिकडं बघतो. मग बंडी वर करतो. आत, पोटाला घट्ट आवळलेला, वीतभर रुंदीचा चामडी पट्टा आहे, बैलाच्या गळ्यात शोभेल एवढ्या बक्कलाचा.

"हे काय?"

"पट्टा. पंचवीस वर्षं बांधत हुतो."

"आम्हाला वाटलं तुझं पोट सुटलंय!"

"तसंच वाटावं म्हणून तर प्रत्येक लग्नात मागून मागून जिलबी घ्यायचो. तोंडात एक, खिशात चार."

"आणि नियम?"

"तिशीत केला. तवा ह्याला काखंत धरून फिरायचो मी. पस्तिशीत कंबर गेली. तवर नियम गल्लीभर झाल्ता, म्हाताऱ्या पोरांस्नी सांगाय लागल्या हुत्या. परत कसा घेऊ? म्हणून दुपारी तुम्ही सगळी निजला की तुळईला दोर टाकायचो आन् जावयाला वडायचो, विहिरीतनं बादली वडावी तसा. तू जागी असलीस की पट्टा आवळून उचलायचो आन् वरनं हसायचो." तो बंडी खाली घेतो. "आता मेलोय. आता कशाची लाज?"

वैजयंताला आधी राग येतो, मग हसू येतं, आणि हसू रागाला ढकलून पंक्तीत जाऊन बसतं. तीन वर्षं तिनं ज्याची बरोबरी करायला कंबर मोडून घेतली, तो माणूस पट्टा आणि दोर घेऊन लपाछपी खेळत होता.

"मग बिजागर घेऊ?"

"घे की! वर आमच्याकडं सगळ्यांस्नी हाय. न उचलता काम केलं तर खोड काय चिडत न्हाई."

"खाली लोंबणारं घेते. जागा खात न्हाई."

"कुणी सांगितलं?"

"त्यानं." वैजयंता बोट दाखवते. पुस्तिकेतला गोरा माणूस पंक्तीला आलाय. सगळे मांडी घालून बसलेत आणि हा एकटा केळीचं पान हातात धरून उभा आहे, हसत. वरण पानावरून कोपरापर्यंत आलंय.

"बस की गड्या," मामा त्याला म्हणतो.

तो हसतो. बसत नाही. छापताना त्याला गुडघ्यात वाकायची सोय ठेवलेलीच नाही.

"ह्याला इचारून घेतीस व्हय?" मामा म्हणतो. "बस माझ्या जागी."

पंक्तीतली फरशी तीच, पण आता तिच्यात खड्डा आहे आणि वैजयंताचे पाय त्यात आहेत. समोर खोड फिरतंय, त्याचं तोंड तिच्याकडं. लेथच्या टोकाला बिजागर बसलंय, नवंकोरं, खाली लोंबणारं.

"आता सोड जावयाला खाली. बघू जागा खातोय का."

वैजयंता खिट्टी काढते. जावई फेट्यासकट टोकावरून कलंडतो, डौलात खाली येतो आणि थेट तिच्या गुडघ्यांवर बसतो.

"आई आई गं!"

"लागलं?"

"चाळीस किलो हाय, मामा!"

"मला आता लागंना झालंय, म्हणून तुला बसवली."

पंगत हसून हसून पानांवर पडते. मांडीवर ऐसपैस बसलेला जावई आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडतो. "पाणी मिळंल काय?"

वैजयंता कपाळाला हात लावते. महिनाभर ती टेप घेऊन मोजत होती, लांबी, उंची, भिंत, खिडकी. पण कंबर दुखते म्हणून सगळं उभ्यानं मोजलं. एकदाही खाली बसली नाही. पुस्तिकेत खड्डा नव्हता, म्हणून तिनंही खड्डा धरला नाही. पाय कुठं असतात हेच ती विसरली होती.

"आता त्याला बाजूला फिरव," मामा म्हणतो.

बिजागर बदललेलं आहे, कधी ते विचारायचं नाही. वैजयंता एका बोटानं ढकलते. जावई रुसत नाही, वाकत नाही, फेटा सांभाळत खिडकीकडं वळतो आणि हवा खात राहतो. दार मोकळं होतं. पराती आत घुसतात, जिलबीची वाफ येते, सनई एकदम वरच्या पट्टीत जाते. मामा खोडाला टिचकी मारतो. खोड बोलतं, स्वच्छ, गोल, लांबपर्यंत.

"ऐकलंस? हे तुझं," मामा म्हणतो.

"राहा की दोन दिवस. मला हे बसवता यायचं न्हाई."

"मी कुठं न्हाई म्हणतोय? धाडणाऱ्यानं धाडलं पायजे." तो खिशातून जिलबी काढून तिच्या हातावर ठेवतो, आणि जिलबी वाजायला लागते.

फोन वाजतोय. साडेचार. भुशाचं पोतं पाठीला टोचतंय.

"मॅडम, खाली लोंबणारं पॅक करू ना?" दुकानदार विचारतो.

"नको. बाजूला फिरणारं द्या."

"सगळे खालचंच घेतात हो."

"सगळे उभे असतात."

"आणि तुम्ही?"

"आम्ही बसतो," वैजयंता म्हणते आणि उठायला गुडघ्यावर हात ठेवते. हात ओला होतो. सलवारीवर, उजव्या गुडघ्यावर, रुपयाएवढा गोल तेलाचा डाग आहे. ती वास घेते. करडई. जावयाच्या टोकाला करडईचं तेल फक्त मामा लावायचा. तो गेल्यापासून कारखान्यात डब्यातलं ग्रीस आहे, आणि घरात शेंगतेल.

दुकानदारानं मागणीचा अर्ज फोनवर धाडला. नाव, गाव, बिजागराचा प्रकार असं सगळं भरून झालं. शेवटी एक रकाना उरला, 'जोडणीबाबत विशेष सूचना'. तिनं गुडघा पुसला नाही आणि लिहायला घेतलं:

'जोडणीसाठी आपल्याकडील कारागीर न पाठवता कै. सिद्राम बाळाप्पा कातारी (वय एकसष्ट, त्यापुढे मोजलेले नाही) यांची किमान दोन दिवसांसाठी प्रतिनियुक्ती करण्यात यावी. सदर यंत्राचा त्यांना चाळीस वर्षांचा अनुभव असून राहण्या-जेवण्याची सोय अर्जदाराकडे आहे. ते सध्या जेथे कार्यरत आहेत तेथील संबंधितांशी आपल्या स्तरावर पत्रव्यवहार व्हावा, आणि शक्य असल्यास मुदतवाढीची तरतूद ठेवावी, ही नम्र विनंती.'