काकूंचा सात पदार्थांचा बेत

इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काकूंचा शब्द शेवटचा. एकतीस वर्षं त्या पथ्याची ताटं लावत आल्या होत्या. कुणाला गोड चालत नाही, कुणाला तेल, कुणाच्या घशाखाली नुसतं पातळच उतरतं. खाटेचा नंबर वाचला की काकूंचा हात बरोबर त्या पातेल्याकडे जायचा. एवढ्या वर्षांत एक ताट चुकलं नाही. मोठे डॉक्टरसुद्धा त्यांच्यापुढे जरा दबकून असत, आणि काकूंना ते आवडायचं. उगाच खोटं कशाला बोला?

अशी ही डोळ्यांत तेल घालून काम करणारी बाई स्वतःच्या घरात मात्र घसरली.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या एकुलत्या एक लेकीने मांस-मासे तर सोडलेच, वर दूध, लोणी, अंडी, मधसुद्धा सोडला. काकूंच्या मते हे निव्वळ खूळ. त्याच वर्षी मोठ्या सुट्टीत घरी पाहुणे जेवायला होते. काकूंनी लेकीसाठी वेगळं भाज्यांचं सूप केलं आणि त्यात पाण्याऐवजी हाडं उकळलेलं पाणी ओतलं. पोरगी वाळलीय, तेवढंच अंगी लागेल! लेक दोन वाट्या प्यायली. "आई, तुझ्या हाताला काय चव आहे गं," म्हणाली. इथे गप्प बसल्या असत्या तर त्या काकू कसल्या? "हाडं उकळलीत त्यात, म्हणून चव आहे!" त्यांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं. पाहुणे पोट धरधरून हसले. लेक उठली, बेसिनपाशी जाऊन तिने चुळा भरल्या, बॅग उचलली आणि निघून गेली.

तेव्हापासून नुसता रविवारचा फोन. "बरी आहेस ना?" "बरी आहे." "गोळ्या घेतेस ना?" "घेते." संपलं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. फोन ठेवल्यावर घरात बोलायला कोणी नसायचं. काकू उठून उगाच स्वच्छ ओटा पुन्हा पुसायच्या.

यंदा लेक म्हणाली, "सुट्टीत येईन म्हणते. जेवणाचं काही करू नकोस हं, नुसती भेटायला येते." काकूंनी "येईन" तेवढं ऐकलं आणि बाकीचं कानाआड केलं.

लगेच कंबर कसली. बेत ठरला सात पदार्थांचा, सगळे झाडपाल्याचे. जुनी पातेली माळ्यावर गेली. नवी पातेली आली, नवी सुरी, नवा लाकडी चमचा, नवी घासणी. दुकानात त्या भिंग घेऊन पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचत बसल्या, तेव्हा दुकानदार म्हणाला, "काकू, बिस्किटं खायची असतात, वाचायची नसतात."

"तू गप रे. दुधाची पावडर आहे यात," काकू म्हणाल्या आणि पाकीट परत फळीवर गेलं.

तीन रविवार त्यांनी एकेक पदार्थ करून पाहिला. बिनअंड्याचा पहिला केक विटेसारखा झाला. तो आठवडाभर चहात बुडवून एकटीनेच संपवला. दुसरा बरा फुगला, पण बरा झालाय असं म्हणणार कोण? आपणच करायचं, आपणच खायचं आणि आपणच मान डोलवायची, यात काही राम नव्हता. एक मात्र खरं, माफीचा विचार या सगळ्या बेतात कुठेच नव्हता. जे काही सांगायचंय ते जेवण सांगेल, अशी काकूंची खात्री होती.

सुट्टीच्या दिवशी बाराला लेक आली. टेबलावर भाजलेला भोपळा होता, मशरूम, छोले, बिटाची कोशिंबीर, टोमॅटोचं सूप, भात आणि चांगला फुगलेला केक. लेक बघतच राहिली. मग तिने पर्समधून एक छोटा डबा काढला. त्यात ब्रेडचे दोन तुकडे आणि उकडलेले बटाटे होते.

"सगळी भांडी नवी आहेत गं," काकू घाईघाईने म्हणाल्या. "घासणीसुद्धा."

"दिसतंय ना, आई. तू खोटं बोलतेयस असं मी म्हणतच नाही. पण तुझ्या हातचा घास तोंडाशी न्यायचा म्हटलं की सगळ्यांचं ते हसणं ऐकू येतं. काय करू मी?"

काकूंना खूप बोलायचं होतं. शपथा घ्यायच्या होत्या. पण तोंडातून एवढंच निघालं, "चुकलं माझं."

"हं," लेक म्हणाली. तिने आईच्या हातावर हात ठेवला, थोपटला आणि मग ब्रेड खायला घेतला.

दोघी समोरासमोर बसून जेवल्या. काकूंनी सातही पदार्थ स्वतःच्या ताटात थोडेथोडे वाढून घेतले. भोपळा फार सुरेख झाला होता. इस्पितळाच्या गोष्टी निघाल्या, लेकीच्या नव्या घराच्या निघाल्या, एकदोनदा हसूही आलं. काकूंना वाटलं, होईल हळूहळू. उठताना त्यांनी सवयीने रिकाम्या डब्याकडे हात नेला.

"दे, धुऊन देते."

लेकीने डबा पटकन आपल्याकडे ओढला. मग तिचं तिलाच ओशाळल्यासारखं झालं. "राहू दे गं आई," ती झाकण लावत म्हणाली, "घरी जाऊन धुईन मी."