नाडी सुटली रे!

भोंग्याला खरं नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी उपयोगी पडायचं. एरवी प्राचार्यांपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळे त्याला भोंगाच म्हणत. तो कॉलेजची बस चालवायचा आणि त्याचा आवाज बसच्या हॉर्नपेक्षा मोठा होता. मध्ये हॉर्न बिघडला तेव्हा हा बाबा खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडत गाडी चालवत होता, तरी कोणाची तक्रार आली नाही. आपला आवाज कमी पडतो असं त्याला कोणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. बायको तर म्हणायची, "तुम्ही कुजबुजलात तरी शेजारीण उत्तर देते."

त्याला वेड एकाच गोष्टीचं, कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचं. स्वतः आयुष्यात कधी चेंडू हातात धरला नव्हता. पण टीमला बसमधून न्यायचं आणि आणायचं, आणि कॉलेजच्या हॉलमध्ये मॅच असली की गाडी लावून पहिल्या रांगेच्या टोकाला बसायचं, हे इतकी वर्षं चाललं होतं की ती खुर्ची कोणी घेतच नसे. प्रिन्सिपलसाहेबांचे व्याही एकदा चुकून तिथे बसले, तर त्यांना उठवलं होतं. आता बोला!

त्याची एक खासियत होती. समोरच्या टीमचा पोरगा फ्री थ्रो मारायला, म्हणजे लाइनवरून एकट्याने बास्केट करायला, उभा राहिला की दुसऱ्या कॉलेजात नुसता गोंगाट करतात. आमच्या हॉलमध्ये उलटं. सगळा हॉल एकदम चिडीचूप व्हायचा. आपला पोरगा मारत असला की त्याचं मन लागावं म्हणून चूप, आणि परका मारत असला की भोंग्यासाठी चूप. पोरगा चेंडू आपटतो, श्वास घेतो, हात वर नेतो, आणि नेमक्या त्या क्षणी कोपऱ्यातून आरोळी यायची, "नाडी सुटली रे!" पोरगा हमखास खाली चड्डीकडे बघायचा. चेंडू रिंगला आपटून बाहेर. मग असा हशा उठायचा की पंचही तोंड फिरवून हसून घ्यायचे.

त्या वर्षीचा सीझन मात्र भोंग्याच्या जिवावर उठला होता. टीम काय खेळेल याचा भरवसाच नाही. पहिल्या मॅचेस अशा जिंकल्या की आता चषक घरी आलाच. मग सगळ्यात दुबळ्या टीमसमोर लोटांगण घातलं. मग गेल्या वर्षीच्या विजेत्यांना त्यांच्याच घरी जाऊन धुतलं, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा मान खाली. भोंगा म्हणायचा, "अरे, सरळ हरा तरी! निदान माणसाला झोप लागेल."

टीममधला सगळ्यात उंच पोरगा, लांब पायांचा, काडीसारखा. त्याला सगळे बगळा म्हणत. भोंग्याचा तो लाडका. बसमध्ये ड्रायव्हरमागच्या सीटवर बसायचा आणि सगळा रस्ता "काका, काका" करत डोकं खायचा. दुबळ्या टीमविरुद्ध शेवटी फ्री थ्रो त्याच्याच वाट्याला आले होते आणि त्याने दोन्ही घालवले. परतीच्या वाटेवर भोंग्याचा तोल गेला. सगळ्या टीमसमोर, कोचसरांसमोर तो तोफेसारखा सुटला. "तुझ्यापेक्षा खांब उभा केला असता तर बरं झालं असतं! हाताला लकवा भरलाय का? पुढच्या वेळी तू त्या लाइनवर उभा राहिलास ना, तर तुझीच नाडी सोडतो, बघ!"

पुढच्या मॅचपासून बगळा मागच्या सीटवर बसायला लागला. भोंग्याला फार लागलं ते, पण माफी मागणं त्याच्या घशाखाली उतरलं नाही. रागात माणूस काहीही बोलतो, पोरगा विसरेल, असं त्याने मनाला समजावलं.

आता खरी गोष्ट सांगतो, जी त्याच्या बायकोखेरीज कोणालाच ठाऊक नव्हती. भोंग्याचे डोळे गेले होते. पूर्ण नाही, मधून गेले होते. डॉक्टर म्हणाले होते, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, गेलेलं परत यायचं नाही, गाडी आजपासून बंद. त्याला रस्त्याच्या कडा दिसत, झाडं दिसत, रंग कळत. पण समोरच्या माणसाचे कान दिसायचे, खांदे दिसायचे आणि चेहऱ्याच्या जागी कोणीतरी अंगठा फिरवून पुसल्यासारखा डाग. पोरांना तो चालीवरून ओळखायचा, आवाजावरून ओळखायचा. कोर्टावर तर फक्त रंग. पिवळे ते आपले, निळे ते परके.

"सांगून टाका," बायको म्हणायची. "पोरं बसतात त्या गाडीत. कोणाच्या तरी जिवावर उठाल."

"हा सीझन संपू दे."

"सीझन गेला खड्ड्यात!"

तुम्ही म्हणाल, हा तर गुन्हा झाला. झालाच. मी कुठे नाही म्हणतो? पण भोंग्याच्या मनाचा हिशोब वेगळा होता. स्टिअरिंग गेलं की बस गेली, बस गेली की टीम गेली. मग भोंगा कोण? फाटकाबाहेरून आत डोकावणारा एक म्हातारा, ज्याला वॉचमन विचारणार, काय काम आहे?

वॉचमनवरून आठवलं. सीझनच्या सुरुवातीला बस आत घेताना भोंग्याने फाटकाचा खांब ठोकला. आरसा तुटला, खांब कलला. भोंग्याने खाली उतरून अशी आरडाओरड केली, की अर्धं फाटक उघडं ठेवलं या वॉचमनने, झोपा काढतो! वॉचमन बिचारा सांगत होता, फाटक पूर्ण उघडं होतं हो. पण भोंग्याच्या आवाजापुढे त्याचं कोण ऐकणार? सगळ्यांदेखत त्याची खरडपट्टी निघाली. त्यानंतर तो भोंग्याशी बोलत नसे. फाटक मात्र भिंतीला टेकेपर्यंत उघडायचा.

तर असं रडतखडत, पडतउठत टीम शेवटच्या घरच्या मॅचपर्यंत आली. ही जिंकली की मोठ्या स्पर्धेत, हरली की संपलं. आणि नेमकी पाहुण्या टीमची गाडी वाटेत बंद पडली. कोचसर म्हणाले, "भोंगा, पळा!" भोंगा गेला, पोरांना घेऊन आला. तेवढ्यात कळलं, त्यांचं सामान त्या बंद गाडीतच राहिलंय. पुन्हा भोंगा गेला. परत येताना रस्ता तुंबला. सगळी मॅच स्टिअरिंगवर हात आपटण्यात गेली.

इकडे मॅच थांबणार थोडीच! पाहुण्यांच्या निळ्या जर्सी त्या सामानात. अंगात होते ते प्रवासातले पिवळे टीशर्ट. दोन्ही टीम पिवळ्या कशा चालतील? म्हणून आमच्या पोरांनी कपाटातल्या जुन्या निळ्या जर्सी काढून चढवल्या. एवढीशी गोष्ट. हॉलमधल्या शेंबड्या पोरालाही त्यात गोंधळ वाटला नाही, कारण सगळ्यांना चेहरे दिसत होते.

भोंगा खांद्यावर बॅग टाकून धापा टाकत हॉलच्या दारात पोचला तेव्हा मॅच संपत आली होती. स्कोअरच्या पाटीवरचे आकडे त्याला दिसत नव्हते. आत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. लाइनवर एक उंच पोरगा, अंगात निळं. दाराजवळच्या दोघातिघांनी वळून भोंग्याकडे पाहिलं. भोंग्याला वाटलं, आपलीच वाट बघताहेत. छाती भरून आली त्याची. एवढा धावलो, पण वेळेवर पोचलो! पोरगा चेंडू आपटतो, श्वास घेतो, हात वर नेतो.

"नाडी सुटली रे!"

लाइनवर बगळा होता. आमचा बगळा. बरोबरी झाली होती आणि हा शेवटचा फ्री थ्रो आत पडला असता तर मॅच आपली होती. आवाज ओळखीचा, शब्द ओळखीचे, पोरगा सवयीने खाली बघून बसला. चेंडू रिंगवर आपटला, पाहुण्यांनी झेलला, पळत जाऊन पलीकडच्या बास्केटमध्ये टाकला. शिटी वाजली.

यावेळी कोणी हसलं नाही. भोंगा एकटाच हसत होता, दोन्ही हात वर करून. मग त्याला रडण्याचा आवाज आला आणि तो आवाज कोणाचा, हे त्याला चेहरा न बघताच कळलं.

कोचसरांनी त्याला बाजूला घेतलं. "का केलंत हे?"

भोंग्याने तोंड उघडलं. एक वाक्य होतं, मला दिसलं नाही. पण ते वाक्य बोललं की किल्ली द्यावी लागणार. त्याने तोंड मिटलं. ज्याच्या आवाजाने खिडक्या हलत, तो इतकंच पुटपुटला, "निघून गेलं तोंडातून."

"निघून गेलं? बसमध्ये काय म्हणाला होतात त्याला? पुढच्या वेळी तुझीच नाडी सोडतो! सगळ्या टीमने ऐकलंय. एवढा डूख धरलात पोरावर? आणि खांद्यावर बॅग घेऊन उभे आहात त्यांच्या निळ्या जर्सींची, म्हणजे ते निळ्यात नाहीत हेही तुम्हाला ठाऊक!"

बॅगेत काय आहे हे भोंग्याने पाहिलंही नव्हतं. पण ते सांगायला गेलं की पुढचं सगळं सांगावं लागलं असतं.

घरी बायको म्हणाली, "आता तरी बोला. लोक तुम्हाला गद्दार म्हणताहेत."

"म्हणू देत. गद्दाराला बस चालवता येते. आंधळ्याला नाही."

बायकोने कपाळावर हात मारला आणि आत निघून गेली.

वेळापत्रकात बाहेरगावची एक मॅच उरली होती. जिंकून काही मिळायचं नव्हतं, हरून काही जायचं नव्हतं. सकाळी भोंग्याने बस काढली. पोरं मुक्याने चढली. कोणी "काका" म्हटलं नाही. कोणीतरी मागून हळूच म्हणालं, "नाड्या घट्ट बांधा रे," आणि बाकीचे हसले. भोंग्याचे कान तापले. रडावं की गाडी बंद करून उतरावं, त्याला कळेना. त्याने गिअर टाकला.

बगळा अजून चढला नव्हता. त्याच्या हातून चेंडू निसटून बसच्या पुढे घरंगळला आणि तो उचलायला पोरगा वाकला. नेमका भोंग्याच्या डोळ्यांतल्या त्या पुसलेल्या जागी. भोंग्याला रस्ता दिसला, फाटक दिसलं, आकाश दिसलं. पोरगा दिसला नाही.

"थांब! ए, थांब!"

वॉचमन इतका मोठ्याने ओरडू शकतो हे कोणालाच माहीत नव्हतं. भोंग्याने ब्रेकवर उभं राहून गाडी थांबवली. बंपर बगळ्याच्या गुडघ्याला टेकला होता. पोरगा पांढराफटक पडला. मग खिडकीखाली आला आणि म्हणाला, "काका, एक फ्री थ्रो घालवला मी. त्याबद्दल गाडीखाली घालणार का मला?"

भोंग्याने खिडकीतून खाली पाहिलं. दोन कान, दोन खांदे आणि मध्ये डाग. त्याने किल्ली काढली, खाली उतरला आणि ती कोचसरांसमोर धरली.

"मला तुझा चेहरा दिसत नाही रे पोरा," तो म्हणाला. "कोणाचाच दिसत नाही. त्या दिवशीही नाही दिसला. निळं दिसलं फक्त."

सगळा सीझन ज्या वाक्याला तो घाबरत आला होता, ते असं फाटकासमोर उभ्याउभ्या बोलून झालं. आता पोरगा रडेल, आपला हात धरेल, असं त्याला वाटलं असणार. बगळा हसला. फार वाईट हसला.

"वा, काका! सगळा सीझन गाडी हाकलीत, घाटातून नेलीत, आणलीत. आणि आज आंधळे झालात?"

"डॉक्टरांना विचार. माझ्या बायकोला विचार."

"बायको तुमच्याच बाजूने बोलणार," कोचसर म्हणाले. त्यांनी किल्ली मात्र घेतली. "पुरे करा हे सोंग. शोभत नाही या वयात. ऑफिसातून दुसरा ड्रायव्हर बोलवा रे."

दुसरा ड्रायव्हर आला. बस निघाली. मागच्या खिडकीत पोरं बसली होती, ती त्याच्याकडे बघत होती की नव्हती, हे भोंग्याला कळायला मार्ग नव्हता. तरी बसमागे फाटकाबाहेर येऊन त्याने हात हलवला.

फाटक बंद करायला वॉचमन आला.

"फाटक पूर्ण उघडं होतं त्या दिवशी," तो म्हणाला.

"होतं," भोंगा म्हणाला. "मलाच खांब दिसला नाही. खोटं बोललो मी."

"मला वाटलंच होतं. पुढे बघून चालवणारा माणूस सरळ खांबात नाही घुसत. मघाशी पोरगा वाकला तेव्हाही बघत होतो मी तुझ्याकडे. खरंच दिसत नाही तुला."

भोंग्याचा श्वास मोकळा झाला. एकाला तरी पटलं. त्याने चाचपडत वॉचमनचा दंड धरला. "मग सांगशील ना त्यांना? सरांना सांग, बगळ्याला सांग. तुझं ऐकतील ते."

वॉचमनने दंड सोडवून घेतला, आत गेला आणि फाटकाची कडी लावली.

"नाही सांगणार," तो म्हणाला. "मी सांगत होतो तेव्हा माझं कोणी ऐकलं होतं? तू इतक्या मोठ्याने ओरडत होतास."

भोंगा फाटकाबाहेर होता. मग भिंतीच्या कडेकडेने, हाताने भिंत चाचपत, तो घराकडे चालू लागला.