गडग्यावरचा कोळी आणि आमच्या दळवीबाई

महाडच्या महाविद्यालयात मी पहिल्या वर्षाला आले तेव्हा वर्गात तोंड उघडायचं नाही असं ठरवूनच आले होते. आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरावर. तिथली बोली ऐकून शहरातल्या मुली एकमेकींकडे बघत. पहिल्याच प्रात्यक्षिकाला खिडकीच्या चौकटीवर काहीतरी हललं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कोली हाय." वर्ग हसला. प्राणिशास्त्राच्या मालती दळवीबाई फळ्याकडून वळल्या, माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "कुठे हाय? दाखव बघू." मग खिडकीशी वाकून त्यांनी तो कोळी सगळ्या वर्गाला दाखवला. तीच बाईंची आणि माझी पहिली ओळख. या वर्षी बाई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत.

बाईंनी आयुष्यभर उड्या मारणाऱ्या कोळ्यांचा अभ्यास केला. हे कोळी जाळं विणून वाट बघत नाहीत. मोठ्या डोळ्यांनी सावज हेरतात आणि त्यावर झेप घेतात. निवृत्तीनंतर आमच्याच वाडीच्या वाटेवर बाईंना काळा-पांढरा असा एक नर मिळाला. कुठल्याच ज्ञात जातीशी तो जुळेना. तोवर मीही शिकवू लागले होते. त्याचं वर्णन लिहायच्या कामात बाईंनी मला बरोबर घेतलं.

आणि मी घोळ केला. कोळ्याच्या तोंडाजवळ दोन आखूड हात असतात. नराच्या या हातांची टोकं प्रत्येक जातीत वेगळी असतात. ओळख पटते ती त्यांवरूनच. बाईंनी डावा हात सोडवून काचेच्या बशीत ठेवला होता. बशी रिकामीच आहे असं समजून मी ती धुतली. लक्षात आल्यावर मला रडू फुटलं. बाईंनी खाली बसून पाऊण तास मोरीची जाळी तपासली. मिळालं काही नाही. मग हात पुसत म्हणाल्या, "उजवा आहे ना? उगीच का दोन असतात?" नोंदवहीत त्यांनी लिहिलं, ‘डावा हात माझ्या टेबलावर गहाळ.’ मी हरकत घेतली तर म्हणाल्या, "टेबल माझंच आहे. बशी धुवायलाही मीच सांगितलं होतं."

खरी अडचण पुढेच होती. त्याच परिसरात आम्हाला मातकट रंगाच्या दोन माद्या मिळाल्या होत्या. त्या याच नराच्या जातीच्या असाव्यात असा आमचा अंदाज होता. लेख तपासणाऱ्यांनी विचारलं, पुरावा काय? त्यांचं बरोबर होतं. दिसायला इतके वेगळे नर-मादी एकाच जातीचे, हे कशावरून? बाईंनी लेख परत घेतला. वर्षभर आम्ही शोधत राहिलो.

पावसाळा सरल्यावर बाई आमच्या घरी आल्या. आई अंगणात नाचणी निवडत होती. बाईंनी मोबाईलवरचे फोटो तिला दाखवले. आई सहज म्हणाली, "हा तर नेहमीचा हाय. काला तो दादला, नि ही मातकट त्याची बायको."

"कशावरून, हिराबाई?" बाईंनी अगदी गंभीरपणे विचारलं.

"परड्याच्या गडग्यावर तिच्यापुढं हात वर करून नाचतो. ऊन चढलं की बगा."

दुसऱ्या दिवशी त्या दोघी परड्यातल्या त्या दगडी बांधासमोर पाट टाकून बसल्या. काहीच दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी, ऊन दगडांवर आल्यावर, काळा नर फटीतून बाहेर आला. समोर ती मातकट मादी. त्याने पुढचे पाय उंचावले, थरथरवले, बाजूबाजूने सरकला. ती थांबली. पुढे त्यांचं मीलन झालं तेव्हा बाईंनी आईचा हात घट्ट धरला होता. मी मागे उभी राहून चित्रण करत होते.

बाईंनी नराला कुपीत घेतलं. आईने विचारलं, "मरंल ना तो?"

"हो. खोटं सांगत नाही. आणि पुराव्यासाठी तिलाही न्यावं लागेल."

आई म्हणाली, "तिची पोरं तरी होऊ द्या, बाई."

बाईंनी मादीसाठी उघडलेली कुपी बंद केली. लेख आणखी महिनाभर लांबणार होता, आणि मादी तिथेच राहील याची खात्री कोण देणार? पण आईने कोंबड्या कोंडून ठेवल्या आणि मादीने जिथे रेशमी घरटं केलं त्या दगडावर टोपली पालथी घातली. बाई अडुसष्टाव्या वर्षी वाडीची चढण पुन्हा दोनदा चढल्या. पिल्लं बाहेर पडून पांगल्यावरच मादी कुपीत गेली. पिल्लांची नोंद मिळाल्याने लेख अधिकच भक्कम झाला.

नव्या जातीला बाईंनी आईचं नाव दिलं. आई संकोचली. "कोल्याला माझं नाव? लोक हसतील गो."

"नावं ठेवणारे पुष्कळ असतात, हिराबाई," बाई म्हणाल्या. "आपण नाव दिलंय."

छापून आलेला लेख बाईंनी वाडीत येऊन आईला मराठीत, ओळ न् ओळ समजावून वाचून दाखवला. तेव्हापासून त्या दोघींची मैत्री आहे. आईचे गुडघे धरले की बाई तिला महाडजवळच्या सव गावातल्या गरम पाण्याच्या कुंडावर घेऊन जातात. दोघी पाण्यात पाय सोडून काय बोलतात, ते मला सांगत नाहीत.

आता बाईंचे डोळे लवकर थकतात. चवदार तळ्यामागच्या त्यांच्या घरी मी सूक्ष्मदर्शकात कोळी बघते, सांगते आणि बाई लिहून घेतात. मागच्या रविवारी मी म्हणाले, "डोळ्यांभोवतीचे केस पांढरे." लेखणी थांबली. "पांढरे की पिवळट? नीट बघ. घाई कुणाला आहे?"

बाई, घाई आम्हाला कुणालाच नाही. नाव न मिळालेल्या कोळ्यांच्या कुप्यांनी तुमचं कपाट भरलेलं आहे. तुम्हाला उत्तम आरोग्य लाभो, आणि पुष्कळ वर्षं आमच्या शेजारी बसून असंच म्हणत राहा: नीट बघ.