शेषरावांच्या वावरात रोही येत नाही

कोणाला बैल पारखता येतो, कोणाचा भजनात वरचा सूर लागतो. शेषरावांना वावर राखता येत होतं. सोनाळ्याच्या वरच्या अंगाला, जिथे काळी जमीन संपते आणि सातपुडा डोकं वर काढतो, तिथे त्यांचं पाच एकर वावर. जंगलाच्या इतक्या अंगाशी वावर म्हणजे रोह्यांच्या पंगतीतलं पहिलं पान. पण चाळीस वर्षांत त्या पानाला रोह्याचं तोंड लागलं नव्हतं.

रोही म्हणजे नीलगाय. नाव गायीचं, अंग घोड्याचं, भूक हत्तीची. एका सकाळी कळप घुसला की हरभऱ्याची पंधरा तासं, म्हणजे ओळी, साफ. म्हणून वावरात चार खांबांचा उंच माळा बांधायचा, त्यावर बसून राखण करायची, ही आपल्याकडची रीतच. शेषराव माळ्यावर बसले की डोळ्याला डोळा लागू देत नसत. त्यांच्या गोफणीचा दगड जनावराला कधी लागला नाही. तो त्याच्या पुढच्या पायाच्या हातभर पुढे पडायचा. "मारायचं नसते बे, सांगायचं असते," असं ते म्हणत.

आणि त्यांची आरोळी! काय सांगावं तिच्याबद्दल. एकदा एका लग्नात बँडवाले वाजवायचे थांबेनात, पंगत खोळंबली. शेषरावांनी उभं राहून एक आरोळी दिली. बँड बंद पडला, तो पडलाच, पण वरपक्षाचे दोन बैल दावं तोडून निघाले ते संध्याकाळी टुनकीकडे सापडले. दुसऱ्या एका वेळी रस्त्यावरून चाललेल्या एसटीच्या ड्रायव्हरने गाडी थांबवून खाली उतरून सगळी चाकं तपासली होती. वावरात शेषराव आहेत, एवढं रोह्यांना कळलं होतं. कळप त्यांच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, यायचा आणि पाटलाच्या दारातून जावं तसा मान खाली घालून वळायचा.

वळून जायचा कुठे? शेजारच्या गोकुळच्या वावरात.

गोकुळ शेषरावांहून आठ वर्षांनी धाकटा, धुऱ्याला धुरा लागून. माणूस गोड, पण झोपाळू. तो माळ्यावर चढायचा तो अंग टाकायलाच. पेरायचं गोकुळने आणि खायचं रोह्याने, असं गावात चालायचं. शेषराव त्याला दरसाल शिकवायला जात. नर निळसर काळा असतो, मादी मातकट. नर मान उंच करून उभा राहिला की कळप चरतो, त्याने शेपूट हलवली की पळतो. गोकुळ "हाव भाऊ, हाव भाऊ" म्हणत ऐकायचा आणि ऐकता ऐकता घोरायचा.

हे असं किती वर्षं चाललं असतं. पण तीन वर्षांपूर्वी गावात समिती झाली आणि जंगल बघणारे पाहुणे येऊ लागले. मलकापूरला गाडीतून उतरायचं, जीपने वर यायचं, गावातल्याच घरात निजायचं, भाकरी-ठेचा जे शिजेल ते खायचं. समितीची चिटणीस सुचिता, खामगावला शिकून आलेली गावचीच सून. तिचे नियम कडक. एका वावरात चारच पाहुणे. भडक कपडे नाहीत, मोठ्याने बोलणं नाही, प्लास्टिक गावाबाहेर परत न्यायचं, जनावराला खायला टाकायचं नाही. पाहुण्यांच्या वर्गणीतून जनावराने खाल्लेल्या पिकाची भरपाई. म्हणजे जंगल राहील, गावही राहील.

आता पाहुण्यांना पहाटे बसवायचं कुठे? जिथे जनावर न भिता येतं तिथे. आणि अख्ख्या शिवारात जनावर न भिता कुठे येत होतं? गोकुळच्या वावरात!

शेषरावांच्या पोटात जे दुखायला लागलं, त्याला ओव्याची मात्रा चालेना. चाळीस वर्षं जागला कोण, आणि पाहुणे कोणाच्या माळ्यावर! पुढे खामगावच्या एका पेपरात गोकुळचा फोटो आला, खाली लिहिलेलं 'निसर्गमित्र'. न्हाव्याच्या दुकानात शेषरावांनी तो पेपर तीनदा वाचला आणि उलटा करून ठेवला.

"झोपाळू निसर्गमित्र!" घरी येऊन ते म्हणाले. "अन् म्या काय निसर्गाचा दुश्मन हावो?"

गीताबाई भाकरी थापत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "मले काय इचारता? रोह्याले इचारा."

"त्याच्या आळसाले फळं लागले, दुसरं काय."

"मंग तुमीबी झोपत जा ना. कोणं मना केलं?"

याच हिवाळ्यात सुचिताने सांगितलं की संक्रांतीनंतर पाहुण्यांसाठी दुसरं वावर घ्यायचं आहे. जिथे आठ दिवस जनावर आपणहून येईल, ते वावर. शेषरावांच्या डोक्यात दुसरा विचार राहिला नाही. एक सकाळ, एकच सकाळ आपल्या माळ्यावर चार पाहुणे बसावेत आणि गोकुळने ते धुऱ्यापलीकडून बघावं.

त्यांनी गोफण खुंटीला टांगली. वावरात ते कुजबुजत बोलू लागले, बैलालासुद्धा कानात सांगत, "चाल रे राजा." गडी हसायचे. तरी रोही येईना. मग त्यांनी धुऱ्यावर सरकीची ढेप आणि मिठाचे खडे ठेवले. दुसऱ्या दिवशी सुचिताने ते पाटीत भरून घरी आणून दिले.

"काका, खायले टाकलं की त्याले सवय लागते. मंग ते गावात येते अन् कुत्रे त्याले फाडते. तुमाले मी का सांगू?"

"म्या बैलासाठी ठेवलं होतं वं."

"धुऱ्यावर?"

शेषरावांनी पाटी उचलून आत नेली. पण चार दिवसांनी त्यांच्याकडे पावलं होती. हरभऱ्याच्या तासातून सरळ गेलेली, चांगली खोल, ताजी पावलं. त्यांनी सुचिताला निरोप पाठवला, पंच म्हणून गोकुळलाही बोलावलं. सुचिता वाकली आणि तिने बोटाने माती चाचपली.

"काय वं? रोहीच ना?"

"रोहीच दिसते, काका. पण याच्या पायाले नाल ठोकले हाये."

गोकुळने तोंडावर उपरणं धरलं आणि तो दुसरीकडे बघू लागला. शेषरावांना त्याचं हसणं चाललं असतं. न हसणं चाललं नाही.

मग पौषातली ती सकाळ आली. शेषराव आपल्या माळ्यावर एकटे, समोर हिरवागार, रोह्याने एक पान न मोडलेला हरभरा. आणि पलीकडे गोकुळच्या वावरात अकरा रोही, उजळलेल्या धुक्यात, अगदी चित्रासारखे. माळ्यावर चार पाहुणे श्वास धरून बसलेले. गोकुळ बोट करून हळू आवाजात सांगत होता, आणि सकाळच्या शांततेत ते इकडे ऐकू येत होतं. "तो नर. मान वर हाये तवरी कळप चरते. शेपूट हलवली का पळते." पुण्याची एक बाई वहीत लिहून घेत होती. म्हणाली, "किती बारीक निरीक्षण आहे हो तुमचं!"

"जी, बसून बसून समजते," गोकुळ म्हणाला.

बसून बसून! शेषरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. ते माळ्यावरून उतरले, धोतराचा सोगा तोंडावर गुंडाळला, नाल्यातून वाकत गोकुळच्या वावराच्या कडेला गेले आणि बोरीच्या झुडपाआडून त्यांनी आरोळी दिली. चाळीस वर्षांत दिली नव्हती अशी.

नराने शेपूटसुद्धा हलवली नाही, तेवढा वेळच नव्हता. अकराचे अकरा उधळले. धुऱ्यावरून उडी, नाला पार, आणि खालच्या अंगाला जनकाबाईच्या दोन एकरांतून आडवे गेले. जनकाबाई एकटी बाई, पदरी लेकरं, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, घाटे भरत आलेला तिचा हरभरा. चव्वेचाळीस खुरांखाली तो भाजीसारखा चिरला गेला.

शेषरावांनी तोंड झाकलं होतं, पण आवाजाला कोणता सोगा पुरणार? विहिरीवर बायकांनी घागरी खाली ठेवल्या. एकजण म्हणाली, "शेषरावमामाजीचं काई दुखून राह्यलं वाटते."

दुपारी शाळेच्या ओसरीवर बैठक बसली. आरोळी कोणाची हे ओसरीवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि वडीलमाणसाचं नाव कसं घ्यावं म्हणून प्रत्येकजण फरशी बघत होता. शेषराव खांबाला टेकून बसले होते.

"माह्या वावराचं बोला," जनकाबाई म्हणाली. "कोणाचं नाव मले नोको. पण असे कळप उधळत असन तं बंद करा हे पाहुणे-बिहुणे. माही लेकरं का रोह्याच्या पायाखालचं खाईन?"

दोघातिघांनी माना हलवल्या. बंद होण्याच्या गोष्टी निघाल्या. सुचिताचा चेहरा उतरला. तीन वर्षांची उभारणी एका सकाळीत चालली होती. तेवढ्यात गोकुळ उठला.

"चूक माही हाये," तो हात जोडून म्हणाला. "थंडीनं मले खोकला आला. माह्या खोकल्यानं कळप बिचकला. जनकाबाईचं जे गेलं ते माह्या वावरातून घ्या. पण पाहुणे बंद नोका करू."

ओसरीवर हुश्श झालं. शेषराव सुटले होते. काही करायचं नव्हतं. गप्प बसायचं आणि घरी जायचं. पण शेजारी एक म्हातारा पुटपुटला, "गोकुळचं मन म्हणजे, बापा, केवढं मोठं!" आणि मागून कोणीतरी म्हणालं, "निसर्गमित्र उगाच नाई म्हणत."

पाहुणे त्याचे, फोटो त्याचा, रोह्याच्या शेपटीचं ज्ञान त्याचं. आता मोठं मनही त्याचंच? आणि शिवार हादरवून सोडलं ते त्याच्या खोकल्याने? शेषराव ताडकन उभे राहिले.

"तुह्या खोकल्यानं? अबे, तुह्या खोकल्यानं कवडा नाई उडत फांदीवरचा! अकरा रोही उधळले अन् खोकल्यानं? आरोळी माही होती! माही! म्या देल्ली!"

मग गीताबाई बायकांतून म्हणाल्या, "सांगतलं बाई एकदाचं," आणि ओसरी अशी हसली की शाळेची पोरं खिडक्यांना लटकली. जनकाबाई मात्र हसली नाही.

"भाऊ," ती म्हणाली, "गोकुळभाऊची एवढी जळन होती, तं त्याच्या अंगणात जाऊन वरडाचं होतं. माह्या वावरानं तुमचं का केलं?"

एवढा वेळ ताठ असलेले शेषराव खाली बसले. "नाई केलं, बाई," ते हळूच म्हणाले. "तुह्याकडं माह्या ध्यानातच नाई राह्यलं."

न्याय लवकर झाला. जनकाबाईची जितकी तासं तुडवली, तितकी शेषरावांनी आपल्या उभ्या हरभऱ्यातून द्यायची. ते त्यांनी तिथेच कबूल केलं. पाहुणे चालू राहिले. आणि दुसऱ्या वावराचं म्हणाल, तर त्या दिवसापासून कळपाला खालच्या अंगाची वाटच माहीत झाली. आठ दिवस रोज पावलं उमटली, नाल नसलेली. संक्रांतीनंतर सुचिताने जनकाबाईच्या वावराचं नाव लिहिलं. तिचं पुढचं पीक आता भरपाईत धरलं गेलं. तिच्या वावरात माळा तेवढा नव्हता. तो शेषरावांनी बांधून द्यावा असं ठरलं.

"जनकाबाई!" ते घरी म्हणाले. "जिनं जन्मात गोफण नाई धरली!"

"झालं सुरू," गीताबाई म्हणाल्या. "एकाचं पोटदुखणं बरं नाई झालं तं दुसरं लागलं."

जंगलातलं लाकूड तोडायला समितीची मनाई. मग शेषरावांनी काय करावं? त्यांनी आपलाच माळा उतरवला. चाळीस वर्षांचे बाभळीचे खांब, बसून बसून गुळगुळीत झालेली फळी, सगळं बैलगाडीत घालून खालच्या अंगाला नेलं. चार दिवस ते एकटेच खपले. जनकाबाईने दोनदा चहा आणून दिला, पहिल्यांदा न बोलता, दुसऱ्यांदा "मजबूत बांधजा, भाऊ, माह्या मायलेसुद्धा बसवीन," असं म्हणून.

पाचव्या दिवशी गोकुळ धुऱ्यावर येऊन उभा राहिला. कमरेवर हात ठेवून त्याने माळा खालून वर पाहिला.

"भाऊ, लयच झ्याक झाला. माह्या माळ्याहून उंच वाटून राह्यला."

शेषराव वर फळी ठोकत होते. त्यांनी हातोडी थांबवली नाही.

"वाटून राह्यला काय बे? हातभर उंच हाये. दोरी आण अन् मोजून घे."