चार बोटं खालचा उंबरठा

“एक... चार... सात... दोन!” आणि लगेच दुसऱ्या टोकाकडून तोच आकडा, मालवणी हेलात, जवळजवळ चालीवर: “एक, चार, सात, दोन!”

चाळीस वर्षं होऊन गेली असतील, पण इथे आखातात, खाडीपलीकडच्या रेतीत ऐकलेला तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मी तेव्हा एका रस्त्याच्या साइटवर टाइमकीपर होतो. दुर्बिणीपाशी उभा असलेला सर्व्हेअर आकडा ओरडायचा आणि शंभरेक पावलांवर उंच रंगीत पट्टी धरून उभे असलेले, विशीतले धुरी तो परत ओरडायचे. गुरुजींनी कवितेची ओळ सांगावी आणि सगळ्या वर्गाने ती मागून म्हणावी, अगदी तसं. मला राहवलं नाही. जवळ जाऊन विचारलं, “तुम्ही कशाला ओरडता? ऐकू आलं म्हणजे झालं की!”

“वाऱ्यात आकडो हरवता,” ते म्हणाले. “परत म्हटलो की हरवत नाय.”

श्री. रामकृष्ण धुरी यांची आणि माझी ओळख झाली ती अशी. त्या दिवसापासून ते मला ‘मास्तर’ म्हणू लागले. मी कधीच मास्तर नव्हतो. फक्त दुपारच्या सुट्टीत शाळेतल्या कविता म्हणत बसायचो, एवढाच माझा गुन्हा.

पट्टी धरता धरता त्यांनी दुर्बीण शिकून घेतली, मग संध्याकाळचे वर्ग करून पदविका घेतली, आणि आज एका छोट्या मोजणी कचेरीचे ते मुख्य सर्व्हेअर आहेत. यंदा त्यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या कामाची यादी या स्मरणिकेत इतरांनी दिलीच आहे. मी सांगणार आहे ते गेल्या काही आठवड्यांतलं, आणि ते अजून संपलेलं नाही. हे लिहितानाही माझं अर्धं लक्ष दाराकडे आहे.

इंटरनॅशनल सिटीच्या पलीकडची आमची वसाहत जुनी, दोन मजली इमारतींची. तळमजल्याच्या घरांची दारं सरळ गल्लीत उघडतात. त्या मोठ्या पावसात गल्लीत गुडघाभर पाणी साचलं, ते सगळ्यांना आठवत असेल. धुरीसाहेब शहराच्या दुसऱ्या टोकाला, डिस्कव्हरी गार्डन्सला राहतात. बस बंद, मेट्रो बंद, तरी कुणाच्या तरी ट्रकमधून, पुढे पाण्यातून चालत ते आमच्याकडे पोचले आणि आल्या आल्या माझ्या कवितांच्या वह्यांची पेटी त्यांनी कपाटावर नेऊन ठेवली. मग आम्ही दोघांनी घरातलं पाणी सुपलीने बाहेर काढलं. शेजाऱ्यांना मी सांगितलं, “बाथरूमचं पाणी तुंबलं होतं.” धुरीसाहेबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

पुढे या भागाचा पुराचा नवा नकाशा करायचं ठरलं. त्याचा मसुदा जाहीर झाला, तर आमच्या वसाहतीचे सगळेच्या सगळे तळमजले निळ्या रंगात. म्हणजे पुराची जी पातळी धरली आहे, तिच्याखाली. मालकांच्या कंपनीने कळवलं, हाच नकाशा कायम झाला तर निळ्या घरांचे भाडेकरार पुन्हा होणार नाहीत. माझी नात अन्वी फोनवर नकाशा मोठा करून पाहत होती. “आजोबा, वी आर ब्लू,” ती म्हणाली. “आर वी अंडरवॉटर?”

हरकत घ्यायला मुदत होती. एकेकट्याने नाही, रहिवासी समितीमार्फत सगळ्यांचं मिळून एकच अपील. समितीने अर्ज लिहायचं काम माझ्याकडे दिलं, कारण मी ‘चांगलं लिहितो’. मी लिहिलंही. ‘हे नुसते निवारे नव्हेत, ही आमची घरटी आहेत’ हे वाक्य माझंच. सगळ्या घरांच्या सह्या घेतल्या, दारातल्या तुळशीचे फोटो जोडले. दहा दिवसांनी सगळं परत आलं. माझ्या मुलाने, समीरने, ईमेल वाचून दाखवला आणि म्हणाला, “बाबा, त्यांना डेटा पाहिजे. मेजरमेंट. फीलिंग्ज नकोत.”

मुदत निम्म्याहून जास्त संपली होती. मी धुरीसाहेबांना फोन केला. ते आले, चहा घेतला, माझा अर्ज शेवटपर्यंत वाचला.

“छान लिवलात, मास्तर. पण सह्या करून पाणी उतरत नाय.”

“मग काय करायचं?”

“त्यांची पातळी चुकली असली तर खंय चुकली, ता मोजून दाखवूचा. शिक्क्यासकट. आणि चुकली नसली तर गप बसूचा.”

शेवटचं वाक्य मला मुळीच आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशीपासून, पहाटेची अजान झाली की धुरीसाहेब गल्लीत हजर. ऊन चढलं की डांबरावरची हवा थरथरते आणि पट्टीवरचे आकडे पोहायला लागतात, म्हणून काम आठच्या आत. कचेरीचं काम त्यानंतर. पट्टी धरायला मी. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला बढती मिळाली! ते आकडा सांगत, मी परत म्हणत असे. हळू म्हटला की दुर्बिणीमागून ओरड येई, “मास्तर, यल्ला, चला! कवितेसारखो म्हणा!”

मोजणीची एक रीत त्यांनी मला समजावली. ज्या ठिकाणाची उंची सरकारी कागदात पक्की लिहिलेली आहे, तिथून निघायचं, मोजत मोजत जायचं आणि तशाच दुसऱ्या पक्क्या खुणेवर पोचायचं. तिथे आपला आकडा आणि कागदातला आकडा जुळला पाहिजे. मला ते लगेच पटलं. कडवं कितीही लांब गेलं तरी ध्रुवपदावर येऊन मिळावं लागतं.

आमचं मिळेना. नकाशावाल्यांनी जिथून सुरुवात केली होती, त्या चौकातल्या फुटपाथच्या कडेवरच्या पितळी खुणेपासून आम्ही निघालो आणि जुन्या पंप हाऊसच्या पायथ्याच्या खुणेवर पोचलो, तर फरक वीतभर! पुन्हा मोजलं. तेवढाच. तिसऱ्या दिवशी दुर्बीण बदलली. तेवढाच. समितीतले लोक गॅलरीतून विचारू लागले, “धुरीसाहेब, होणार ना वेळेत?” “इन्शाल्ला,” ते म्हणत, पण त्यांचे ओठ घट्ट मिटलेले असत. शेवटचे पाच दिवस उरले होते.

चौथ्या सकाळी त्यांनी दुर्बीण लावलीच नाही. चौकात जाऊन ते त्या पितळी खुणेशी उकिडवे बसले. बोटाने आजूबाजूची माती खरवडली. मग मला हाक मारली. “बघा. सिमेंट नवा हा.”

रस्त्याच्या कामात ती कड उखडून वर बसवली होती, खुणेसकट. खूण वीतभर वर गेली, कागदात आकडा जुनाच राहिला. त्या खुणेवरून मोजलेलं आमचं सगळं गाव कागदावर वीतभर खाली बुडालं होतं. लांबच्या पुलाजवळ आणखी एक जुनी खूण होती. तिथून पंप हाऊसपर्यंत आम्ही मोजत आलो आणि आकडा जुळला. म्हणजे दोन खुणा एकमेकींशी खऱ्या, चौकातली एकटी खोटी. मी रस्त्यातच टाळ्या वाजवल्या.

मग एकेका घराचा उंबरठा मोजायला घेतला. पहिलं घर पुराच्या पातळीच्या वर. दुसरं वर. गल्ली संपेपर्यंत सगळी वर. शेवटचं घर माझं.

माझ्या दारात आकडा सांगताना धुरीसाहेब थांबले. पट्टी पुन्हा सरळ धरायला सांगितली. मग हळूच आकडा सांगितला, आणि मी तो परत म्हटला नाही.

माझा उंबरठा पातळीच्या चार बोटं खाली होता.

का होता, आणि त्या मोठ्या पावसात पाणी फक्त माझ्याच घरात का शिरलं, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. माझ्या पत्नीचं, सुमनचं, चालणं बंद झालं तेव्हा खुर्ची आत-बाहेर करताना तिला पायरीचा धक्का बसायचा. एका सुट्टीच्या दिवशी धुरीसाहेब हातोडा घेऊन आले, पायरी फोडली, उंबरठा उतरवला आणि गल्लीपर्यंत गुळगुळीत उतार करून दिला. दोन वर्षं तिने त्यावरून रोज संध्याकाळची हवा खाल्ली. ती गेल्यावर समीर म्हणाला होता की पायरी परत बांधू. मीच बांधू दिली नाही.

“चार बोटं तर आहेत,” मी म्हणालो. “वर लिहा ना. कोण बघतंय?”

ते वहीत पाहत होते.

“धुरी, मी तुमच्याकडे आजवर काही मागितलं नाही.”

“नाय मागितलात,” ते म्हणाले. “ती पायरी माझ्याच हातान उतरवलंय, मास्तर. विसरलंय असा वाटता तुमका? पण ह्यो एक आकडो मी वर उचललंय, तर बाकीचे कोण खरे मानतीत?” पुढे म्हणाले, “आधी खरा लिवया. मग तुमी हो म्हणशात त्या दिवशी पायरी बांधतंय, परत मोजतंय, आणि तुमच्या घराचो वेगळो अर्ज करतंय.”

मी पट्टी भिंतीला टेकवून आत गेलो आणि दार लावून घेतलं. दोन दिवस आम्ही बोललो नाही. हे गौरवलेखात लिहिण्यासारखं नाही, पण मी लिहितो आहे.

अपील मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी दाखल झालं. तक्त्यात सगळी घरं वर आणि तळाशी, माझ्या नावापुढे, उणे चिन्ह. खाली धुरीसाहेबांची सही, कचेरीचा शिक्का. मी तो कागद खूप वेळ पाहत राहिलो. वृत्तात बसवायला ऱ्हस्व अक्षर दीर्घ करण्याचा उद्योग शाळेत मी अनेकदा केला आहे, आणि ओळ लंगडीच राहायची. त्यांच्या तक्त्यात एकही ओळ लंगडी नव्हती. तिसऱ्या दिवशी मीच फोन केला. ते म्हणाले, “चहा टाका, येतंय.” माणूस एवढाच आहे, आणि एवढा आहे.

पुढे काय होईल ठाऊक नाही. नकाशावाले आमची मोजणी मान्य करतील, किंवा नाकारतील आणि मग त्रयस्थ तज्ज्ञाकडे जावं लागेल. गल्लीत हल्ली कुणी नवं फर्निचर घेत नाही. समीर दुसरीकडे घरं बघतो आहे, मला कळू न देता.

साठीच्या या टप्प्यावर धुरीसाहेबांना काय द्यावं? त्यांचे डोळे असेच पट्टीवरची रेघ वाचणारे राहोत, गुडघे चौकात उकिडवं बसू देणारे राहोत, आणि अजून पुष्कळ वर्षं त्यांच्या हाकेला कुणीतरी आकडा परत म्हणणारा असो. तो मी असेन तर माझं भाग्य. आणि पायरी बांधायला मी हो म्हणणार आहे. हे त्यांना अजून सांगितलेलं नाही, इथेच वाचतील.

एवढं लिहून सही करणार, तोच बेल वाजली. अन्वीने दार उघडलं. उंबरठ्यापाशी काळ्या पायघोळ अबायावर पिवळं जॅकेट घातलेली, नकाशावाल्यांकडून आलेली एक तरुण इंजिनिअर उभी होती. तिच्या एका हातात धुरीसाहेबांचा तक्ता होता, दुसऱ्यात रंगीत पट्टी. गल्लीत तिचा सहकारी दुर्बीण लावत होता.

“हे उणेवालं घर आहे?” तिने हिंदीत विचारलं. “सगळे लोक आम्हाला वरचेच आकडे पाठवतात, अंकल. खालचा आकडा एकाच कागदावर होता. म्हणून पहिलं तुमच्याकडे आले.”

तिने पट्टी उंबरठ्यावर उभी धरली. गल्लीतून आकडा आला. आणि ती काही म्हणायच्या आत मी तो मोठ्याने परत म्हटला.