दुधाचे पंप

कस्टमच्या ऑफिसात तिला सगळे 'का-बाई' म्हणत. बंदी घातलेल्या देशांकडे आडमार्गाने माल जाऊ नये म्हणून निर्यातीच्या पेट्या तपासणं हे तिचं काम, आणि खोदून खोदून विचारणं हा स्वभाव. सरकारने पगार देऊन खोड पोसली म्हणा ना! बेअरिंग आलं की ते कशात फिरतं, रसायन आलं की ते कशात कालवतात, हे कळल्याशिवाय बाईंना चैन पडत नसे. घरी वॉशिंग मशीन दुरुस्त करायला माणूस आला की ही त्याच्याशेजारी ठाण मांडून बसे आणि तो बिचारा घामाघूम होई.

एका सकाळी आलेल्या पेट्या तिच्या सख्ख्या मोठ्या भावाच्या निघाल्या. दादाचं छोटं वर्कशॉप होतं. दूध काढायच्या यंत्रांना लागणारे पंप तो बनवायचा. शेजारच्या देशातल्या एका डेअरीची ही ऑर्डर, त्याची पहिलीच परदेशी. नात्यातल्यांचा माल आपण तपासायचा नाही, हा नियम. ती पेट्या सहकाऱ्याकडे सोपवणारच होती, पण उघड्या पेटीत डोकावल्याशिवाय हिला राहवतंय थोडंच? पंपांना आतून तीव्र आम्ल सोसणारं महागडं अस्तर होतं. दुधाला हे कशाला? रासायनिक शस्त्रांच्या कारखान्यात मात्र असेच पंप लागतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

हात फोनकडे गेला. दादाला विचारलं की उलगडा होईल, असं वाटलं. पण तिने फोन केला नाही. ती उठून साहेबांकडे गेली आणि नातं आणि शंका, दोन्ही सांगून मोकळी झाली.

माल अडकला. डेअरीच्या पत्त्यावर, बंदी असलेल्या देशाच्या सीमेला खेटून, नुसतं गोदाम सापडलं. गाय औषधालाही नाही. गिऱ्हाइकाने मागितलं तसं दादाने बनवून दिलं होतं, एवढंच निघालं. तो सुटला, पण ऑर्डर गेली आणि त्याने बहिणीशी बोलणं टाकलं.

शेवटी तीच वर्कशॉपवर गेली.

"एक फोन करता आला नाही तुला?" दादाने विचारलं.

"केला असता तर तुला आधीच सावध केलं असं झालं असतं. तूच अडकला असतास."

दादा लेथ पुसत राहिला. "ते कळतं गं मला. पण फोन केला नाहीस तो माझ्यासाठी, की तुला माझाच संशय आला म्हणून?"

इतकी वर्षं प्रश्न तीच विचारत आली होती. खोटं बोलणं सोपं होतं, दादाने मानलंही असतं.

"आला होता, दादा," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.