मीठ बघणारे तिघे

आमच्या भिंगारच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहिलेल्या जपानी इंजिनिअरचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. मायदेशी परतताना त्यांनी मला एक गुंडाळलेलं चित्र दिलं, दोन्ही हातांनी, वाकून. मला वाटलं, शाळेतला नकाशाच असणार. उलगडलं तर रांजणाभोवती तीन म्हातारे. तिघांनीही बोट बुडवून चाखलेलं. एकाचं तोंड आंबट, दुसऱ्याचं कडू, तिसरा खुशाल हसतोय. चीनमधल्या जुन्या ज्ञानी माणसांची गोष्ट आहे आणि रांजणात सिरका, म्हणजे व्हिनेगर आहे, एवढं त्यांनी मोबाईलवर भाषांतर करून सांगितलं. पुढचं तत्त्वज्ञान काही मोबाईलला झेपलं नाही.

माझ्या डोक्याला तेव्हा वेगळाच घोर होता. सासूबाई गेल्यावर सासऱ्यांना, म्हणजे आबांना, आम्ही राजूरहून इकडे आणलं, आणि त्यांनी अन्नच टाकलं. मासवडी करा, पिठलं करा, दोन घास खाऊन ताट सरकवायचे. सासूबाईंच्या हाताची सर नाही, म्हणायचे. राग यायचा हो मला! अन् रडूही यायचं, कारण माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता.

त्यांच्या खाटेसमोरची खुंटी रिकामी होती, म्हणून चित्र तिथे टांगलं. आबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मीठ बघत्यात." गावात लग्नाची पंगत बसायच्या आधी आचारी आमटीचं मीठ बघायला आबांनाच बोलवायचा. मी सिरक्याचं सांगून पाहिलं, पण ऐकतंय कोण!

मग रोज त्या म्हाताऱ्यांची उलटतपासणी सुरू झाली. आचाऱ्यानं एवढं रांधलंय, तोंडं वाकडी करायला काय झालं, म्हणून पहिल्या दोघांना आबा फैलावर घ्यायचे. तिसरा तेवढा शहाणा. मी स्वयंपाकघरातून ऐकायची आणि मनात म्हणायची, आबा, जरा आरशात बघा. तोंडाने बोलायची सोय नव्हती.

एका दुपारी मी हुलग्याचे शेंगोळे केले. सासूबाईंचा हातखंडा पदार्थ, म्हणजे बोलणी खाणं ठरलेलंच. आबांनी घास घेतला. समोर चित्राकडे बघितलं, मग माझ्याकडे. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. मी दारात जीव मुठीत धरून उभी.

"तिची चव तिच्यासंगं गेली," ते म्हणाले. "ही तुझी हाय. वाढ की अजून."